विश्लेषण : शर्यत चौघींची, संघात दोघीच! ऑलिम्पिक धावपटू मेरी डिसोझा यांची कारकीर्द धाराशिवला काय सांगते?

मुंबईच्या वांद्र्यातील मेरी डिसोझा १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटर धावल्या. आशियाई स्पर्धांत त्यांनी रिलेमध्ये एक रौप्य आणि एक सुवर्ण जिंकले. मात्र ऑलिम्पिकमध्ये रिले धावण्याची संधी त्यांना मिळाली नाही, कारण भारताने धावपटू महिला पाठवल्या त्या दोनच. रिलेला चौघी लागतात. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज धाराशिवसारख्या जिल्ह्याने का समजून घ्यावी? एक वेगवान मुलगी सापडणे आणि चार वेगवान मुली घडवणे यांत नेमका काय फरक आहे? लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये रिलेचा एक नवा प्रकार येत असताना या प्रश्नांचा हा आढावा.

मेरी डिसोझा कोण?

मेरी यांचा जन्म १८ जुलै १९३१ रोजी वांद्र्यात झाला. लग्नानंतर त्या मेरी डिसोझा-सिक्वेरा या नावाने ओळखल्या गेल्या. त्या वेगवान धावपटू होत्या आणि हॉकीपटूही. भारतीय महिला हॉकी संघाकडूनही त्या खेळल्या. त्या काळात मुंबईतील पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली मोठ्या संख्येने मैदानावर दिसत. शाळा, जिमखाने आणि क्लब यांमुळे त्यांना खेळायला जागा होती आणि मुख्य म्हणजे घरातून परवानगी होती. उर्वरित महाराष्ट्रात मुलीने आखूड पँट घालून मैदानावर धावणे ही कल्पनाही बहुतेक घरांना मानवणारी नव्हती.

आजच्यासारखे पूर्णवेळ प्रशिक्षण, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे काही तेव्हा नव्हते. धावपट्टीही कोळशाच्या बारीक खडीची किंवा मातीची असे. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम धावपट्टी आली ती १९६८ मध्ये मेक्सिको सिटीला. त्यामुळे १९५० च्या दशकातील वेळा आजच्या वेळांशी थेट ताडून पाहणे योग्य नाही.

पहिले पदक कधी मिळाले?

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. मेरी यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. १०० मीटरमध्ये मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांना रौप्यपदक मिळाले. या दोघी आणि पॅट मेंडोन्सा यांचा समावेश असलेल्या भारतीय चमूने ४×१०० मीटर रिलेत जपानपाठोपाठ रौप्यपदक पटकावले. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या १०० आणि २०० मीटरमध्ये लेव्ही पिंटो या मुंबईच्या धावपटूने दोन सुवर्णपदके जिंकली.

म्हणजे स्वातंत्र्यानंतर अवघ्या चार वर्षांत मुंबई हे भारताच्या वेगवान धावपटूंचे एक मोठे केंद्र होते. एकाच शहरात, एकमेकींना हरवणाऱ्या तीन-चार मुली होत्या. धावपटूला घड्याळापेक्षा शेजारच्या पट्टीत धावणारी प्रतिस्पर्धी जास्त वेगाने पळवते. हा मुद्दा पुढे धाराशिवच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

हेलसिंकीला जाण्याचा खर्च कोणी केला?

हेलसिंकी ऑलिम्पिक १९ जुलै १९५२ रोजी सुरू झाले. स्वतंत्र भारताच्या ऑलिम्पिक पथकात महिलांचा समावेश प्रथमच झाला होता. त्या चौघी होत्या : ॲथलेटिक्समध्ये मेरी डिसोझा आणि बंगालच्या निलिमा घोष, तर जलतरणात डॉली नाझीर आणि आरती साहा. मेरी यांचा एकविसावा वाढदिवस उद्घाटनाच्या आदल्या दिवशीचा.

निवड झाली म्हणजे तिकीट मिळाले, असे तेव्हा नव्हते. प्रवासाच्या खर्चासाठी मेरी यांच्या मित्रपरिवाराने नृत्याचा कार्यक्रम आणि पत्त्यांचे सामने भरवून पैसे गोळा केले. त्याच पथकातील खाशाबा जाधव यांची कहाणी महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

वांद्र्याची धावपटू आणि गोळेश्वरचा मल्ल या दोघांचे जग पूर्ण वेगळे, पण अडचण एकच. फरक एवढाच की कुस्तीत एकटा मल्ल गेला तरी पदक आणू शकतो. रिलेत चौघींचा खर्च उभा राहिला तरच संघ उभा राहतो.

हेलसिंकीत नेमके काय झाले?

महिलांसाठी तेव्हा धावपट्टीवर फक्त चार प्रकार होते : १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि ४×१०० मीटर रिले. स्त्रियांना लांब अंतर झेपत नाही, असा समज आयोजकांमध्येही होता. महिलांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये परत आली ती १९६० मध्ये आणि ४०० मीटर आली १९६४ मध्ये.

मेरी १०० आणि २०० मीटरमध्ये धावल्या, निलिमा १०० मीटर आणि ८० मीटर अडथळ्यांत. दोघींचीही वाटचाल पहिल्या फेरीतच थांबली. ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सन यांनी १०० मीटर ११.५ सेकंदांत आणि २०० मीटर २३.७ सेकंदांत जिंकली. जगाची पातळी भारतीय धावपटूंच्या खूप पुढे होती, हे यातून दिसते.

पण चौथ्या प्रकाराचे काय? मेरी यांच्या खात्यावर वर्षभरापूर्वीचे आशियाई रौप्यपदक होते ते रिलेचेच. हेलसिंकीत भारताच्या धावपटू मुली दोन होत्या, त्यामुळे रिलेसाठी नाव देण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. दिल्लीत रौप्य जिंकणारा चमू वर्षभरात ऑलिम्पिकला पोहोचता तर तेथेही पदक मिळाले असते, असे म्हणता येणार नाही. अंतर मोठे होते. पण चार मुलींना जगातील सर्वोत्तम संघांसमोर धावण्याचा अनुभव मिळाला असता, तो मिळाला नाही.

रिलेत वेगवान संघ हरतो कसा?

याचे उत्तर त्याच हेलसिंकीच्या अंतिम फेरीत मिळते. ऑस्ट्रेलियाने प्राथमिक फेरीत ४६.१ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अंतिम शर्यतीतही संघ आघाडीवर होता. शेवटच्या अदलाबदलीत विन्सम क्रिप्स यांच्याकडून बॅटन घेतल्यानंतर तो मार्जोरी जॅक्सन यांच्या हातातून निसटला. दोन वैयक्तिक सुवर्णपदकांची मानकरी असलेली, त्या स्पर्धेतील सर्वांत वेगवान महिला बॅटन उचलायला वळली आणि संघ पाचवा आला. अमेरिकेने ४५.९ सेकंदांत सुवर्ण जिंकले.

रिले ही चार वेगवान धावांची बेरीज नाही. ती तीन अदलाबदलींची परीक्षा आहे. त्यातले काही नियम साधे, पण निर्णायक आहेत.

बॅटन ही आतून पोकळ नळी असते. लांबी २८ ते ३० सेंटीमीटर आणि वजन किमान ५० ग्रॅम.

बॅटन ३० मीटरच्या ठरावीक पट्ट्यातच द्यावा लागतो. पूर्वी हा पट्टा २० मीटरचा होता आणि त्याआधी वेग घेण्यासाठी १० मीटर जागा मिळे. २०१७ च्या अखेरीस नियम बदलून दोन्ही एकत्र करण्यात आले.

धावपटूचे पाय कुठे आहेत हे पाहिले जात नाही. बॅटन कुठे आहे ते पाहिले जाते. पट्ट्याबाहेर अदलाबदल झाली तर संघ बाद.

बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा.

४×१०० मध्ये घेणारी मागे वळून पाहत नाही. देणारी ठरावीक खुणेपाशी आली की ती सुटते, हाक आली की हात मागे करते आणि हाताला बॅटन लागताच मूठ आवळते. साधारणपणे पहिली धावपटू उजव्या हातात बॅटन धरून निघते, दुसरी डाव्या हातात घेते, तिसरी उजव्या आणि चौथी पुन्हा डाव्या. धावताना कोणीही हात बदलत नाही. वळणावर धावणारी पट्टीच्या आतल्या कडेने धावते म्हणून बॅटन उजव्या हातात, सरळ धावणारी बाहेरच्या बाजूने म्हणून डाव्या हातात, असा हा हिशेब आहे.

क्रमही विचार करून ठरतो. पहिली मुलगी सुरुवात उत्तम करणारी आणि वळणावर पाय न अडखळणारी. दुसरी सरळ पट्टीवर वेग टिकवणारी. तिसरी पुन्हा वळणाची. चौथी, शेजारी कोणी पुढे असले तरी न घाबरणारी.

अदलाबदलीने वेळ किती वाचतो?

भारतीय आकड्यांवरूनच हे स्पष्ट होते. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये अनिमेष कुजूरने जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये १०.१८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच वर्षी ३० एप्रिलला चंदीगडमध्ये गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकांता होबळीधर आणि अमलान बोरगोहेन यांनी ४×१०० रिलेत ३८.६९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला.

३८.६९ ला चारने भागा. प्रत्येकी सुमारे ९.६७ सेकंद येतात. संघातील एकाही धावपटूने १०० मीटर १० सेकंदांच्या आत पूर्ण केलेली नव्हती. तरी सरासरी त्याहून कमी आली, कारण पहिला सोडून बाकी तिघे उभ्या जागेवरून नव्हे, तर धावत्या स्थितीत बॅटन घेतात. शून्यापासून वेग घेण्यात जाणारा वेळ तिघांचा वाचतो. अदलाबदल जितकी सफाईदार, तितका हा फायदा पूर्ण मिळतो. त्यामुळे वैयक्तिक वेळेत थोडा मागे असलेला, पण एकत्र सराव केलेला संघ पुढच्या संघाला हरवू शकतो. छोट्या जिल्ह्यासाठी रिले महत्त्वाची ठरते ती याच कारणाने.

मनिलात काय घडले?

मे १९५४ मध्ये मनिलात दुसऱ्या आशियाई स्पर्धा झाल्या. मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राऊन यांनी ४×१०० रिलेत ४९.५ सेकंद वेळ नोंदवत सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांत भारतीय महिलांचे रिलेतील ते पहिले सुवर्ण. प्रत्येकीची सरासरी सुमारे १२.४ सेकंद.

दिल्लीत जपानने हरवले होते, मनिलात भारत जिंकला. दिल्लीच्या चमूतील मेरी यांच्याभोवती नवा चमू उभा राहिला आणि तीन वर्षांत रौप्याचे सुवर्ण झाले. ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच फेरीत थांबलेल्या धावपटूच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा दिवस तिच्याबरोबर तिघी होत्या तेव्हा आला. मेरी यांच्या कारकिर्दीचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर तो हाच.

त्यानंतर भारतीय महिला रिलेचे काय झाले?

मनिलाच्या चमूतील स्टेफी डिसोझा या गोव्यात जन्मलेल्या धावपटू. त्यांना १९६३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि १९६४ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्या ४०० मीटर धावल्या. महिलांची ४०० मीटर शर्यत त्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. मेरी यांच्याप्रमाणे त्याही हॉकी खेळत.

ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत भारतीय महिलांची रिले चमू दिसली ती १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. ४×४०० मीटरमध्ये एम. डी. वलसम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि पी. टी. उषा यांनी ३ मिनिटे ३२.४९ सेकंद वेळ देत सातवे स्थान मिळवले. ४×१०० मीटरमध्ये भारतीय महिला संघ २००० मध्ये सिडनीला उतरला. हेलसिंकी ते सिडनी, मधे ४८ वर्षे.

केरळने १९८० च्या दशकात हे कसे साधले, तर शालेय वयात मुलींना एकत्र आणून, वसतिगृहात ठेवून आणि वर्षानुवर्षे एकमेकींविरुद्ध धावायला लावून. १९५० च्या दशकातील मुंबईत हे आपोआप घडले होते, केरळने ते ठरवून घडवले.

मेरी यांची दखल मात्र उशिरा घेतली गेली. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, तोवर त्यांची मोठी पदके मागे पडली होती. क्रीडा क्षेत्रातील आजीवन योगदानासाठीचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०१३ मध्ये मिळाला. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या आणि हेलसिंकीला ६१ वर्षे झाली होती.

धाराशिवचा याच्याशी काय संबंध?

धाराशिव हा कमी पावसाचा, मोठ्या उद्योगांपासून दूर असलेला जिल्हा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश आहे. पण खेळाच्या बाबतीत या जिल्ह्याने एक गोष्ट सिद्ध केली आहे : येथे संघ घडतो. त्याचा पुरावा खो-खोत आहे.

धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ मध्ये गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा सन्मान २२ वर्षांनी मिळत होता. घरची परिस्थिती इतकी बिकट होती की जवळपास दहा वर्षे एका वेळच्या जेवणावर काढल्याचे त्यांनी पुरस्कारानंतर सांगितले होते. २०१६ मध्येच खेळ सोडण्याचा विचार मनात आला होता, प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. पुढे त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

खो-खोत पाठलाग करणारी मुलगी काही पावलांतच पूर्ण वेग गाठते, खांबाजवळ अंग झोकते आणि ‘खो’ देताच बसलेली मुलगी क्षणात उठून धावते. मागून आलेल्या स्पर्शावर आणि आवाजावर, न बघता वेग घेणे हे खो-खोपटूला लहानपणापासून सवयीचे असते. रिलेतील बॅटन घेणारीला हेच शिकावे लागते. खो-खोपटू म्हणजे तयार धावपटू असे नाही. सरळ १०० मीटर धावण्याचे तंत्र वेगळे असते. पण जिथे खो-खोच्या इतक्या मुली आहेत, तिथे रिलेसाठी चार मुली शोधण्याची सुरुवात शून्यातून करावी लागत नाही.

शेजारच्या बीडमध्ये अविनाश साबळे घडला, इथे वेगवान धावपटू का नाही?

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. लष्करात भरती झाल्यावर त्याची कारकीर्द सुरू झाली. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून ऑलिम्पिकपटू होऊ शकतो, हे त्याने दाखवले.

पण लांब अंतर आणि वेगवान धाव यांच्या गरजा वेगळ्या आहेत. लांब अंतराचा पाया रस्त्यावर, बांधावर, टेकडीवर घालता येतो. १०० मीटरला सपाट, आखलेली धावपट्टी, स्टार्टिंग ब्लॉक, स्पाइक्स आणि वळणाचा सराव लागतो. खडबडीत मातीवर पूर्ण वेगाने धावताना मांडीचा मागचा स्नायू ओढला जाण्याची भीती असते, म्हणून मुले नकळत हात राखून धावतात. सुरुवातीचा प्रतिसाद सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला जातो आणि पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती चुकीची सुरुवात ठरते. हे सगळे अंगवळणी पडायला योग्य मैदानावर वर्षे जावी लागतात. पुण्यातील बालेवाडीचे क्रीडा संकुल धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. रोजच्या सरावाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच.

धाराशिवच्या मुलीसमोर आज कोणता रस्ता आहे?

पहिली पायरी शालेय क्रीडा स्पर्धांची. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ही शिडी आहे. धाराशिवची मुले लातूर विभागात खेळतात. मैदानी स्पर्धांत रिलेचाही समावेश असतो.

दुसरी पायरी ॲथलेटिक्स महासंघाची. राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ ॲथलेटिक्स स्पर्धेत १४ आणि १६ वर्षांखालील मुले राज्याऐवजी थेट आपल्या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करतात. लहान जिल्ह्याच्या मुलीला देशभरातील प्रतिस्पर्धी पाहण्याची ही सर्वांत लवकरची संधी.

तिसरी पायरी रोजगाराची. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस आणि लष्कर ही जुनी दारे आहेतच. मुलगी १६-१७ वर्षांची झाली की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरात येतो. त्याचे उत्तर नसेल तर सराव थांबतो. दहावीचे वर्ष, लग्नाची घाई, ऊसतोडीला गेलेले पालक, शेवटची एसटी चुकण्याची भीती, यांतले काहीही कारण पुरते. रिलेत एकीचा सराव थांबला की चौघींचा थांबतो.

ऑलिम्पिकची पायरी फारच उंच आहे. पॅरिसला प्रत्येक रिलेत जगातील फक्त १६ संघांना प्रवेश होता. त्यांतील १४ जागतिक रिले स्पर्धेतून आणि उरलेले २ वेळेच्या यादीतून आले. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला मिश्र ४×१०० मीटर रिले हा नवा प्रकार समाविष्ट होत आहे. त्यात महिला आणि पुरुष एकाच चमूत धावतील. देशाला वेगवान मुलींची गरज पूर्वीपेक्षा वाढणार आहे.

जिल्हा पातळीवर काय करता येईल?

पहिले, शोध एकीचा नव्हे, चौघींचा घ्यावा. जिल्हास्तरीय १०० मीटरमध्ये पहिली आलेली मुलगी विभागाला जाते आणि दुसरी, तिसरी, चौथी घरी जाते. या तिघी पहिलीपेक्षा फार तर अर्ध्या सेकंदाने मागे असतात. त्यांना एकत्र ठेवले तर रिले संघ तयार होतो आणि पहिलीलाही रोज शर्यत मिळते.

दुसरे, अदलाबदलीच्या सरावाला मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने ३० मीटरचा पट्टा आखता येतो. बॅटन नसेल तर त्याच मापाची हलकी नळी चालते. घेणारीच्या मागे काही पावलांवर खूण करायची, देणारी त्या खुणेवर आली की घेणारीने सुटायचे. बॅटन लवकर पोहोचला तर खूण मागे सरकवायची, पोहोचलाच नाही तर जवळ आणायची. आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर हे केले तर चार सामान्य वेगाच्या मुलीही एक चांगला संघ बनतात.

तिसरे, संघ वयानुसार पुढे न्यावा. १४ वर्षांखालील चौघी १७ वर्षांखालील गटात गेल्यावर त्या एकाच ठिकाणी सराव करतील, अशी सोय करावी लागेल. आठ तालुक्यांतून आलेल्या मुलींसाठी याचा अर्थ निवास, जेवण आणि शाळा असा होतो. खर्चाचा खरा भाग हाच आहे आणि एखाद्या कुटुंबाच्या आवाक्यातला तो नाही.

चौथे, खो-खोच्या प्रशिक्षकांना यात सामील करून घ्यावे. वेग कोणत्या मुलीत आहे हे त्यांना रोज दिसते. खो-खोतून मुली पळवण्याचा हा प्रकार वाटू नये, एवढी काळजी घ्यावी लागेल. लहान वयात दोन खेळ खेळल्याने नुकसान होत नाही. मेरी आणि स्टेफी या दोघीही हॉकी खेळत होत्याच.

निष्कर्ष काय?

मेरी डिसोझा यांच्यात वेग होता, जिद्द होती आणि खर्चासाठी धावपळ करणारे मित्रही होते. एवढ्या बळावर एक धावपटू हेलसिंकीपर्यंत पोहोचली. रिलेचे पदक मात्र दिल्लीत आणि मनिलात मिळाले, जिथे संघ पूर्ण होता. व्यक्तीला पुढे नेण्याचे काम वर्गणी, देणगी, एखादा भला प्रशिक्षक हे अधूनमधून करू शकतात. चौघींना पाच-सहा वर्षे एकत्र ठेवण्याचे काम व्यवस्थेलाच करावे लागते. धाराशिवने खो-खोत संघ घडवून दाखवला आहे. धावपट्टीवर तसा संघ दिसतो का, हे जिल्हा स्पर्धेतील दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मुली पुढच्या वर्षी कुठे असतात, यावरून ठरेल.